माइक बंद, गप्पा चालू!

गेम खेळताना टीमशी बोलायचंय, पण माइक चालू करता येत नाही? मग टाइप करा! गेमिंगमधल्या लाइव्ह चॅटची सुरुवात कशी करायची, स्वतःचा ऑनलाइन कट्टा कसा जमवायचा आणि मुख्य म्हणजे तो टिकवायचा कसा, याविषयी...

रात्रीचे साडेअकरा. पीजीच्या खोलीतला दिवा बंद झालाय. रूममेटची सकाळी व्हायवा आहे, त्यामुळे ती डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलीय. तुम्ही मात्र भिंतीकडे तोंड करून, मोबाइलचा ब्राइटनेस कमी करून जागे आहात. कारण दोन मिनिटांत मॅच सुरू होणार आहे. हेडफोनमधून टीममधले तिघं ओरडताहेत, ‘अरे बोल ना, कुठे उतरायचं?’ आणि तुम्हाला कुजबुजताही येत नाही. मग अंगठे कामाला लागतात. ‘गोडाऊन. मी मागून येते.’ झालं! रूममेटची झोप मोडली नाही आणि टीमलाही कळलं.

सीन ओळखीचा वाटला ना? गेमिंग म्हटलं की हेडफोन लावून आरडाओरडा करणारी पोरं डोळ्यांसमोर येतात. पण या आरडाओरड्याच्या खाली एक गुपचूप चालणारं जग आहे, टाइप करून बोलणाऱ्यांचं. ज्यांच्या खोलीत तिघं झोपलेत त्यांचं. ज्यांच्याकडे धड माइक नाही त्यांचं. आणि ज्यांना आपला आवाज अनोळखी लोकांपर्यंत पोचवायचा नाही त्यांचंही.

मी त्या शेवटच्या गटातली. फर्स्ट इयरला असताना एका गेममध्ये मी पहिल्यांदा माइक चालू केला आणि ‘डावीकडे दोघं आहेत’ एवढंच म्हटलं. पलीकडून लगेच, ‘अरे, लडकी है क्या?’ त्यानंतर ती मॅच संपेपर्यंत डावीकडच्या दोघांबद्दल कुणी बोललंच नाही. कुठे राहतेस, फोटो आहे का, इन्स्टा आयडी दे. मी माइक बंद केला, तो जवळपास वर्षभर. गेम सोडायचा नव्हता, म्हणून टाइप करायला शिकले. आज जे सांगतेय, ते त्या वर्षात आणि त्यानंतरच्या चुकांमधून शिकलेलं आहे.

आधी चॅट, मग सगळं

तुम्हाला वाटेल, टेक्स्ट चॅट म्हणजे व्हॉइस चॅटचा गरीब भाऊ. तसं नाहीये. उलट गेममधल्या गप्पांची सुरुवातच अक्षरांनी झाली. १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी ‘मड’ नावाचा गेम बनवायला घेतला. त्यात चित्रं नव्हतीच. स्क्रीनवर वाक्यं यायची, तुम्ही वाक्यं टाइप करायची आणि त्याच गेममध्ये असलेल्या बाकीच्यांशीही तसंच बोलायचं. म्हणजे गेम आणि चॅट एकच!

पुढे १९८८ मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ‘आयआरसी’ तयार केलं. एका विषयाची एक खोली, म्हणजे चॅनेल, आणि त्याच्या नावाआधी हॅशचं चिन्ह. आपण आज सोशल मीडियावर उठसूट जो हॅशटॅग टाकतो, तो सुचला या चॅनेलच्या चिन्हावरूनच. गेमर्सची कित्येक वर्षं या आयआरसीवर गेली.

आता आजचं. ट्विच २०११ मध्ये सुरू झालं, तेव्हा त्याच्या लाइव्ह चॅटचा पाया हाच आयआरसी होता. डिस्कॉर्डची गोष्ट तर आणखी भारी आहे. जेसन सिट्रॉन आणि स्टॅन विश्नेव्हस्की यांच्या कंपनीने ‘फेट्स फॉरएव्हर’ नावाचा टॅबलेटवरचा गेम २०१४ मध्ये काढला. गेम काही चालला नाही. पण गेम खेळताना आपापसांत बोलायला धड सोय नाही, हे त्यांच्या लक्षात आलं आणि २०१५ च्या मे महिन्यात डिस्कॉर्ड आलं. ऑफिसांमध्ये वापरतात ते स्लॅकही ‘ग्लिच’ नावाच्या बंद पडलेल्या गेममधूनच जन्मलं. ग्लिच बनवणाऱ्या टीमने स्वतःच्या कामासाठी केलेली चॅटची सोय गेमपेक्षा मोठी झाली.

यातून काय घ्यायचं? गेम येतात आणि जातात, गप्पा राहतात. २ सप्टेंबर २०२० आठवतोय? पबजी मोबाइलसह ११८ ॲप्सवर सरकारने बंदी घातली, तो दिवस. तेव्हा मी ज्युनिअर कॉलेजात होते, लॉकडाऊन होता आणि आमच्या शाळेच्या ग्रुपला एकत्र येण्यासाठी तो एकच निमित्ताचा गेम होता. गेम गेला. पण रात्री दहाला चॅटवर जमायची सवय गेली नाही. पुढच्या वर्षी जुलैमध्ये बीजीएमआय आला, तोवर आम्ही चॅटवर अंताक्षरीसुद्धा खेळून झालो होतो!

चॅट तीन प्रकारचं, रीत तीन प्रकारची

सुरुवात करणाऱ्यांची पहिली चूक होते ती इथे. सगळं चॅट सारखंच समजून ते सगळीकडे सारखंच बोलतात. चहाच्या टपरीवर, वर्गात आणि लग्नाच्या पंगतीत आपण एकाच सुरात बोलतो का? तसंच इथेही आहे.

पहिलं, गेमच्या आतलं चॅट. यात वेळ सगळ्यात महत्त्वाचा. तुम्ही टाइप करत असता तेव्हा तुमचा खेळाडू खांबासारखा उभा असतो आणि समोरचा तुम्हाला आरामात टिपतो. म्हणून टाइप करायचं ते आडोशाला गेल्यावर, किंवा राउंडमध्ये बाद झाल्यावर. आणि वाक्य लिहायचं नाही. आधी जागा, मग आकडा, मग काय करायचं. ‘बी, दोघं, थांबा’ हे तीन शब्द पुरतात. मोबाइल गेममध्ये तयार मेसेज असतात, ते सेटिंगमध्ये जाऊन आपल्याला हवे तसे लावून ठेवा. कंप्युटरवर असाल तर कळ लक्षात ठेवा. व्हॅलोरंटमध्ये एंटर दाबलं की मेसेज फक्त टीमला जातो, शिफ्ट आणि एंटर एकत्र दाबलं की समोरच्या टीमलाही जातो. ‘आपण मागून जाऊ’ हा बेत मी एकदा शत्रूलाच कळवला होता, म्हणून सांगतेय. माइनक्राफ्टमध्ये टी दाबलं की चॅट उघडतं.

दुसरं, स्ट्रीमचं लाइव्ह चॅट. कुणीतरी यूट्यूब किंवा ट्विचवर खेळतंय आणि बघणारे बाजूला लिहिताहेत. इथे मेसेज पाण्यासारखे वाहतात. तुमचं उत्तर आलं नाही तर रुसायचं नाही, तोच मेसेज दहा वेळा टाकायचा नाही. खेळणाऱ्याने विचारल्याशिवाय ‘पुढे डावीकडे वळ, तिथे बॉस आहे’ असं सांगणं हा तर गुन्हाच! क्रिकेट बघताना शेजारी बसून प्रत्येक बॉलला सल्ला देणारे काका आठवा. ते काका व्हायचं नाही.

बाकी या गर्दीची ताकद बघायची असेल तर २०१४ चा ‘ट्विच प्लेज पोकेमॉन’ हा प्रयोग वाचून बघा. पोकेमॉन रेड हा गेम एकट्याने नाही, तर चॅटमधल्या सगळ्यांनी मिळून खेळायचा. चॅटमध्ये ‘वर’, ‘खाली’ असं लिहिलं की गेममधला पोरगा तिकडे चालणार. हजारो लोक एकाच वेळी आज्ञा देताहेत, तो बिचारा एका कोपऱ्यात तासन् तास गोल फिरतोय. तरीही सोळा दिवसांत त्यांनी गेम पूर्ण केला!

तिसरं, स्वतःचा सर्व्हर. म्हणजे आपला हक्काचा कट्टा. आज जास्त बोलायचंय ते याबद्दल.

गुडघ्याला बाशिंग

सेकंड इयरला आम्ही चौघांनी कॉलेजच्या गेमर्ससाठी सर्व्हर काढायचं ठरवलं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! पहिल्याच रात्री आम्ही २३ चॅनेल बनवले. प्रत्येक गेमला एक, मीम्सना एक, गाण्यांना एक, ‘अभ्यास’ नावाचाही एक. लोगो केला, रंग निवडले, सहा बॉट लावले. सकाळी कॉलेजच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली. शंभरएक जण आले, २३ रिकाम्या खोल्या बघितल्या, ‘हाय’ लिहिलं आणि गेले. आठवड्याने तिथे आम्ही चौघंच उरलो होतो. बॉट धरून दहा.

नंतर सगळं मोडून पुन्हा मांडलं. आता कुणी विचारलं की मी याच क्रमाने सांगते.

आधी माणसं, मग सर्व्हर. रोज किंवा आठवड्यातून दोनदा नक्की खेळणारे सहा-सात जण मिळाल्याशिवाय लिंक बाहेर टाकू नका. कट्टा बांधल्याने भरत नाही, आधी तिथे कुणीतरी बसलेलं असावं लागतं.

चॅनेल तीनच. एक नियमांचा, एक गप्पांचा आणि एक ‘टीम हवी’ नावाचा. डिस्कॉर्डवर डावीकडच्या अधिकच्या चिन्हावर टॅप केलं की दोन मिनिटांत सर्व्हर तयार होतो, पैसे लागत नाहीत. गप्पांमध्ये एकाच गेमचा विषय इतका वाढला की बाकीचे कंटाळले, तरच त्या गेमला वेगळी खोली द्या. गरज आधी, खोली नंतर.

नियम पाच ओळींत. पानभर नियम कुणी वाचत नाही. आमचे असे आहेत: शिवी गेमला द्या, माणसाला नाही. कुणाचं खरं नाव, नंबर, फोटो विचारू नका. जात, धर्म, रंग, बाई-पुरुष यावरून जोक नाहीत. अनोळखी लिंक टाकू नका. मॉडरेटरशी वाद घालायचा असेल तर खासगीत घाला.

किल्ल्या मोजक्याच हातांत. सर्व्हरवर प्रत्येकाला ‘रोल’ देता येतो आणि कोणत्या रोलला काय करता येईल हेही ठरवता येतं. मैत्रीखातर सगळ्यांना ॲडमिन करू नका. हे आम्ही केलं होतं. त्याचं काय झालं ते पुढे सांगते.

दाराला कडी. इन्व्हाइट लिंक किती दिवस चालेल आणि किती जणांना वापरता येईल, हे लिंक बनवतानाच ठरवता येतं. व्हेरिफिकेशनची पातळी वाढवली की नवा माणूस आल्यावर त्याला दहा मिनिटं थांबूनच लिहिता येतं. नुसता धिंगाणा घालायला आलेला तेवढ्यात कंटाळून जातो. ऑटोमॉड नावाची सोय चालू केली की तुम्ही दिलेल्या यादीतले शब्द असलेला मेसेज आपोआप अडतो. यादीत मराठी शिव्या तुम्हालाच भराव्या लागतील, आणि त्या रोमन लिपीत लिहायच्या जितक्या तऱ्हा आहेत तितक्या भराव्या लागतील. (आमची यादी करायला एक अख्खी संध्याकाळ लागली. इतके हसलो नव्हतो कधी.) गर्दी वाढली तर स्लो मोड लावा. दोन मेसेजमध्ये किमान पाच सेकंदांपासून ते सहा तासांपर्यंत अंतर ठेवता येतं.

ठरलेली वेळ. आमची शुक्रवार रात्री दहाची. कुणी येवो न येवो, आम्ही चौघं असतोच. पहिले तीन शुक्रवार चौघंच होतो. चौथ्याला नऊ झालो.

आणि भाषा. सर्व्हर म्हटलं की इंग्रजीतच बोलायचं असं आपण का धरून चालतो कुणास ठाऊक. आमच्याकडे एक ज्युनिअर आला, यवतमाळकडचा. वर्गात त्याच्या वऱ्हाडीची टिंगल व्हायची म्हणून तो तोंडच उघडायचा नाही. चॅटवर मात्र पहिल्याच दिवशी त्याने लिहिलं, ‘काऊन बे, एकटाच पळून रायला का?’ अख्खा सर्व्हर लोळला. पण या वेळी त्याला हसून नाही, त्याच्यासोबत हसून. आता आमच्याकडे अस्सल पुणेरी पोरंही मॅच हरली की ‘काऊन बे’ लिहितात. मोबाइलच्या कीबोर्डवर रोमनमध्ये लिहिलं की देवनागरी करून देणारी सोय आहे, ती वापरा. नाही जमलं तर रोमन मराठी लिहा. पण आपल्या भाषेत लिहा, गप्पा जास्त रंगतात.

ती रात्र

आता त्या किल्ल्यांची गोष्ट.

सर्व्हरला दीड वर्ष झालं होतं. एका रात्री दोनच्या सुमाराला आमच्यातल्याच एकाच्या अकाउंटवरून मेसेज आला, ‘हा गिफ्ट कोड घे, आजच्या दिवसच आहे.’ खाली लिंक. मित्राकडून आलेली म्हणून तिघांनी उघडली. त्या पानावर क्यूआर कोड होता, ‘ॲपमधून स्कॅन करा’. एकाने स्कॅन केला. तो कोड गिफ्टचा नव्हता, लॉगिनचा होता. स्कॅन करून त्याने आपलं अकाउंट दुसऱ्या कुणाच्या तरी कंप्युटरवर स्वतःच्या हाताने उघडून दिलं होतं.

आणि तो ॲडमिन होता. आमच्याकडे तेव्हा सात ॲडमिन होते.

सकाळी उठलो तेव्हा सगळे चॅनेल डिलीट झालेले. पैसे गेले नव्हते, म्हणून घरच्यांना कळलंच नाही की आम्ही एवढे का गप्प आहोत. पण गप्पांच्या खोलीत दीड वर्षाचं सगळं होतं. आमच्या सीनिअर बॅचने कॉलेजच्या शेवटच्या दिवशी रात्री तीनपर्यंत तिथे लिहिलं होतं. कोण कुठे भेटलं, कुणी कुणाची असाइनमेंट उतरवली, कोण कुणाला कधी सॉरी म्हणालं नव्हतं आणि त्या रात्री म्हणालं. ते कुणी कॉपी करून ठेवलं नव्हतं. डिलीट झालेला चॅनेल परत आणता येत नाही, हे मला त्या सकाळी कळलं. ज्याने कोड स्कॅन केला तो आठवडाभर कुणाशी बोलला नाही. चूक त्याच्या एकट्याची नव्हती. सात जणांना किल्ल्या आम्ही दिल्या होत्या.

दुधाने तोंड पोळलं, आता ताकही फुंकून पितो. तुम्ही मात्र पोळून घेऊ नका. हे आजच करा: अकाउंटला टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन लावा. ॲडमिनचे हक्क दोघांकडेच ठेवा. दुसऱ्याने पाठवलेला क्यूआर कोड चॅट ॲपमधून कधीही स्कॅन करू नका. हे एक पक्कं करा, कारण टू-फॅक्टर असलं तरी या सापळ्यात ते वाचवेलच असं नाही. ‘मी चुकून तुला रिपोर्ट केलं, आता या माणसाशी बोल’ आणि ‘मी गेम बनवलाय, टेस्ट करशील का?’ हे आणखी दोन जुने सापळे. मित्राच्या नावाने काही विचित्र आलं तर त्याला फोन करा, चॅटवर विचारू नका. चॅटवर उत्तर देणारा तोच असेल कशावरून? पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या हेल्पलाइनवर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. लाजून गप्प बसण्यात जितका वेळ जातो, तितके पैसे लांब जातात.

आणि हो, जे महत्त्वाचं वाटतं त्याची कॉपी ठेवा. साधा स्क्रीनशॉट चालेल.

सगळ्यात भारी प्लेअर

हॅकिंगपेक्षा अवघड एक गोष्ट आहे, आपल्याच माणसाला ‘बास’ म्हणणं.

आमच्याकडे एक जण होता. खेळायला एक नंबर, टीम त्याच्या जिवावर जिंकायची. पण हरला की समोरच्याची आई-बहीण काढायचा आणि मुलगी टीममध्ये असली की सगळं तिच्यावर ढकलायचा. ‘तो तसाच आहे, मनाने चांगला आहे,’ असं आम्ही सहा महिने म्हणत राहिलो. मीसुद्धा. जिने याच कारणासाठी वर्षभर माइक बंद ठेवला होता, तीच मी. कारण जिंकायला आवडत होतं.

मड बनवणाऱ्या त्याच बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळणाऱ्यांचे चार प्रकार मांडले होते. काहींना जिंकून पुढे जायचं असतं, काहींना गेमचं जग फिरून बघायचं असतं, काही फक्त माणसांना भेटायला येतात आणि काहींना दुसऱ्याला त्रास देण्यातच मजा येते. चौथा प्रकार फार वाढला की गप्पा मारायला आलेले हळूहळू निघून जातात, असंही त्यांचं म्हणणं. आमच्याकडे नेमकं तेच चाललं होतं, आम्ही आकडे बघत नव्हतो. पाच मुली सर्व्हरवर होत्या, लिहीत कुणीच नव्हती.

शेवटी केलं. आधी सगळ्यांसमोर नाही, खासगीत सांगितलं. मग एक दिवसाचा टाइमआउट दिला, म्हणजे त्याला वाचता येतं पण लिहिता येत नाही. तिसऱ्यांदा झालं तेव्हा काढून टाकलं. त्याच्यामागे सहा जण गेले. पुढचे दोन शुक्रवार आम्ही प्रत्येक मॅच हरलो आणि चॅट स्मशानासारखं शांत. मला वाटलं, संपला सर्व्हर.

तिसऱ्या शुक्रवारी, दीड वर्षात एक अक्षर न लिहिलेल्या एका मुलीने ‘टीम हवी’मध्ये लिहिलं, ‘मला घ्याल का? मी फार चांगली नाही खेळत.’ खाली चौघांची उत्तरं आली, सगळ्यांचं एकच, ‘आम्हीही नाही.’

मोठ्या कंपन्यांनाही हे सोपं गेलेलं नाही. लीग ऑफ लीजंड्सवाल्यांनी एकदा समोरच्या टीमशी बोलायचं चॅट सुरुवातीला बंद ठेवून पाहिलं, हवं त्याने ते चालू करायचं. लोकांनी चॅट वापरणं सोडलं नाही, पण घाणेरडं बोलणं जवळपास एक तृतीयांशाने घटलं. ओव्हरवॉचने २०१६ मध्ये गंमतच केली. जिंकल्यावर समोरच्याला ‘जीजी ईझेड’, म्हणजे ‘काय सोपी मॅच’, असं हिणवणारं लिहिलं की त्याच्या जागी लिहिणाऱ्याचाच पोपट करणारं वाक्य आपोआप झळकायचं! मुद्दा एवढाच, की चांगलं वातावरण आपोआप राहत नाही. ते कुणीतरी रोज राखतं. तुमच्या सर्व्हरवर ते कुणीतरी म्हणजे तुम्ही.

तुम्हालाच कुणी त्रास देत असेल तर? उत्तर देऊ नका, आधी स्क्रीनशॉट घ्या, मग ब्लॉक करा, मग रिपोर्ट करा. क्रम हाच. ब्लॉक करायच्या घाईत पुरावा हरवतो. आणि कुणालातरी सांगा, एकट्याने सहन करू नका.

चॅटची बाराखडी

नव्यांना पहिल्या दिवशी चॅट म्हणजे चिनी लिपी वाटते. एवढं आलं तरी भागतं:

जीएलएचएफ: मॅच सुरू होताना. ‘शुभेच्छा, मजा करा.’

जीजी: मॅच संपल्यावर. ‘छान खेळलात.’ हरल्यावर लिहिलंत तर जास्त मान मिळतो.

एनटी: ‘प्रयत्न चांगला होता.’ जवळ येऊन हरलेल्या सोबत्यासाठी. फुकट आहे, सढळ हाताने वापरा.

एएफके: ‘मी जागेवर नाही.’ आईने हाक मारली की हेच लिहायचं.

बीआरबी: ‘आलोच.’ (दहा मिनिटं समजावीत.)

एलएफजी: ‘टीम शोधतोय.’

ओपी: एखादं हत्यार किंवा पात्र प्रमाणाबाहेर ताकदवान असणं.

नर्फ आणि बफ: गेम बनवणाऱ्यांनी ती ताकद कमी करणं आणि वाढवणं.

नूब: नवशिक्या, पण टोमणा म्हणून. वापरताना आपला पहिला दिवस आठवावा.

शुक्रवार, रात्री दहा

आज आमच्या सर्व्हरवर चारशे-पाचशे माणसं नाहीत. साठएक आहेत, त्यातले पंचवीस नेहमी बोलणारे. चॅनेल पाच झालेत. ॲडमिन दोन. सीनिअर बॅचने त्या शेवटच्या रात्री काय लिहिलं होतं, ते परत आलं नाही. पण त्यांच्यातला एक जण बंगळूरहून नोकरी सांभाळून अजूनही शुक्रवारी येतो आणि आठवेल तसं थोडं थोडं पुन्हा लिहितो. प्रत्येक वेळी गोष्ट जराशी वेगळी असते, त्यावरून वाद होतात, चॅट दोन वाजेपर्यंत चालतं.

सुरुवात करायला फार काही लागत नाही. चार जण, तीन खोल्या, पाच नियम आणि एक ठरलेली वेळ. आज रात्री करून बघा. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही तर थांबा. चौथ्या शुक्रवारपर्यंत तरी थांबाच.

परवाच्या शुक्रवारी माझी रूममेट गावाला गेली होती. खोलीत मी एकटीच. खूप दिवसांनी माइक चालू केला आणि म्हटलं, ‘मी डावीकडे आहे.’

कुणी काही वेगळं विचारलं नाही. यवतमाळच्या त्या ज्युनिअरने तेवढं विचारलं, ‘किती हायेत तिकडं?’

मी म्हटलं, ‘दोघं.’

आणि आम्ही खेळायला लागलो.